मथुराच्या बांगड्या

"वैनी, दार उघड गो. माका परत धाडल्यानी."

पंधरा वर्षांमागे ऐकलेला हा आवाज मैमूनच्या कानातून कधी गेला नाही. मगरिबची अजान नुकती संपली होती, चुलीवर पेज रटरटत होती. आवाज मोठा नव्हता, रडकाही नव्हता. शेजारीण विरजण मागायला यावी तितका साधा होता, आणि त्या साधेपणानंच मैमूनच्या हातातली पेज ढवळायची डवली खाली पडली. दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर तिची नणंद शरिफा उभी. काखेत कपड्यांचं गाठोडं, पायात एकच वहाण. लग्नाला अजून चार महिनेही झाले नव्हते.

शरिफाच्या गळ्यावर काळसर रेघ उमटली होती. बापानं सोन्याची म्हणून घातलेली साखळी घामानं विटली, सोन्याचं पाणी उतरलं आणि आतून पितळ बाहेर आलं. सासरच्यांनी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. साखळी गळ्यात तशीच ठेवली आणि माणूस परत केलं.

त्यानंतर शरिफा दोन वर्षं त्या घरात सावलीसारखी वावरली. तिसऱ्या पावसात तापानं गेली. तिचं गाठोडं गेलं, वहाण गेली, पण आवाज मात्र दाराच्या चौकटीत कुठंतरी अडकून राहिला. वाऱ्यानं कडी हलली की मैमूनला तो ऐकू यायचा. आणि आता तर तिची स्वतःची लेक हाजरा एकोणीस वर्षांची झाली होती.

आचऱ्याच्या अलीकडे, खाडी समुद्राला मिळते तिथं त्यांची वीस-पंचवीस घरांची वाडी. हाजराचा बाप इब्राम रापणीतला वाटेकरी. किनाऱ्यावरून पंचवीस-तीस माणसांनी मिळून जाळं ओढायचं आणि येईल ते मासे वाटून घ्यायचे, हा त्यांचा बापजाद्यांचा धंदा. पण ट्रॉलर आले, आणि रापणीच्या जाळ्यात शेवाळ नि चार तारल्या यायला लागल्या. मैमून सुंभ वळून, कोंबड्या-बकऱ्या पाळून घर रेटत होती. अशा घरात आरोंद्याहून मागणं आलं तेव्हा इब्राम खळ्यात दोन फेऱ्या जास्त मारायला लागला. मुलगा यासीन शिंपी. त्याचा बाप नाही, आई आहे. स्वतःची मशीन आहे, वाणीही गोड आहे, असं मधल्या माणसानं सांगितलं.

बघायला यायचा दिवस ठरला, तो फेब्रुवारीतला. सकाळपासून मैमूननं घर तीनदा सारवलं. शेजारची मथुरा पाटावर बसून हे बघत होती. दोघींच्या घरांमध्ये एक कुंपण होतं, पण त्याच्या फटीतून इतक्या वाट्या इकडून तिकडे गेल्या होत्या की फटीची वाटच झाली होती. मथुराचा नवरा लवू बोटीवर खलाशी. प्रत्येक सफरीगणिक त्यानं बायकोला एकेक करून चार सोन्याच्या बांगड्या केल्या होत्या.

"आणि रिकाम्या हातान चाय दितला काय गो चेडू?" मथुरा म्हणाली.

"काचेच्यो आसत मा."

"काचेचो आवाज येता, वजन येयत नाय." मथुरानं हाताला साबण लावला, आपल्या चारही बांगड्या उतरवल्या आणि हाजराच्या हातात चढवल्या. "आमच्यात पण असाच करतत. माझ्या वेळेक मावशीची नथ होती माझ्या नाकात. हस गो बाय, सोना काय चावता तुका?"

हाजरा हसली. मैमूनही हसली. हसण्याचा तो शेवटचा दिवस.

संध्याकाळच्या यष्टीनं यासीनची आई जैबून आणि मामा आले. जैबून हडकुळी बाई, कानांच्या पाळ्यांत सोन्याच्या बाळ्या, पायांवर प्रवासाची धूळ. हाजरानं चहाचा कप पुढं केला तसं तिनं पोरीचं मनगटच धरलं. एक बांगडी फिरवली, मग दुसरी. नखानं नाही, बोटाच्या पोटानं, जपून. मग मान वर न करताच विचारलं:

"घरातल्योच काय ह्यो?"

मैमून किटलीतून चहा ओतत होती. तोंडाशी उत्तर आलं होतं. नाय, शेजारणीच्यो. एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण डोळ्यांपुढं काळी रेघ आली, उंबरा आला, गाठोडं आलं. तिनं ओठ मिटले. चहा ओतत राहिली. कप भरला, बशी भरली.

"रवांदे, रवांदे," जैबून म्हणाली आणि मनगट सोडलं.

आठ दिवसांनी निरोप आला. चेडू पसंत. मेहेर पाचशे एक, नवरो चेडवाक दितलो. आणि आमका देणा-घेणा काय नको.

इब्रामचा आनंद घरात मावेना. "बगलंस? जुम्म्याक पेशइमाम सांगी होते मा, ज्या निकाहाक खर्च कमी, त्येका बरकत जास्त. नवऱ्यान द्यायचा, चेडवाच्या बापाशीन नाय, असो आपलो दीन सांगता."

"पेशइमामाक चार झील आसत, चेडू एक नाय. त्येंका काय जाता सांगूक," मैमून म्हणाली.

इब्राम हसता हसता थांबला. "अगो, बांगडयो मथुराच्यो ह्या सांगलंस मा त्यांका?"

"सांगलंय."

शब्द सुटला आणि मैमूनला वाटलं, आपण विहिरीत काहीतरी टाकलं आणि पडल्याचा आवाजच आला नाही. त्यांना काही नको, ते उगाच नव्हे. मागायचं कशाला? त्यांना दिसलं होतं की पोरीच्या मनगटावर चार तोळे. निकाह होईल, पोरगी आरोंद्याला जाईल. चौथ्या दिवशी रिवाजाप्रमाणे माघारी येईल, तेव्हा बांगड्या उतरवून मथुराला द्यायच्या. आणि मग? मग आरोंद्याला मोकळ्या हातांनी जी पोरगी परत जाईल, तिला कोणी विचारणार नाही? शरिफाच्या साखळीला चार महिने लागले होते. ह्या बांगड्यांना चार दिवसच होते.

तेव्हापासून मैमूनची भूक गेली. आरोंद्याच्या बाजूनं कुणी आलं की ती माडाआड व्हायची. पोस्टमननं घंटी वाजवली की हातातलं काम खाली ठेवून ती कान द्यायची. सुंभ वळताना पीळ उलटा पडायचा, पुन्हा सोडून पुन्हा वळावा लागायचा.

एप्रिलात दोन बोकड विकून ती मालवणला गंगाराम सोनाराकडे गेली. चार बांगड्यांचा भाव विचारला. गंगारामनं आकडा सांगितला, आणि तिचा चेहरा बघून पुन्हा सांगितला नाही. गल्ल्याखालून त्यानं एक लाल कागदाची पुडी काढली.

"बाय, ह्यो बग. सोन्याचा पानी दिलेल्यो. चार. ऐंशी रुपये. वर्षभर काय जावचा नाय. मगे वर्षान कोण बगता? पोर झाला काय सगळी माया पोरार."

बांगड्या लखलखत होत्या. मथुराच्या बांगड्यांहूनही जास्त. मैमूननं हात पुढं केला, आणि तिच्या मानेमागून अगदी शांतपणे कुणीतरी म्हणालं: वैनी, दार उघड गो. ती दुकानातून इतक्या घाईनं उतरली की पिशवी तिथंच राहिली. गंगारामला मागून हाक मारून ती द्यावी लागली.

शेवटी ती बांगड्या मागायला मथुराकडे गेली. मथुरा अंगणात आंबोशीच्या फोडी वाळत घालत होती.

"लग्नात घालू दी. चौथ्या दिसाक येतला तेवा काढून घे," मथुरा म्हणाली. "लवू पावसाच्या तोंडार येतलो, त्येच्या आदी माका होयो. नायतर तो माझे हात बगून बोटीरसून उतरूचोच नाय." आणि फोड ठेवता ठेवता सहज विचारलं, "सासरच्यांका सांगलंस मा, उसन्यो म्हणान?"

मैमून फोडींवरच्या माश्या हाकत राहिली.

"गप रवलंस म्हंजे सांगलंस नाय," मथुरा म्हणाली. तिनं सूप बाजूला ठेवलं. "मैमूनबाय, माझा सोना तुका देवूक माका भय वाटला नाय. तुका एक वाक्य बोलूक इतक्या भय?"

"तुझ्या दारात कोण परत इलेला नाय, मथुरा."

मथुरानं पुन्हा सूप हातात घेतलं.

रमजान लागायला दहा दिवस होते. निकाहाच्या आदल्या दुपारी हाजराला पिठी लावली. वाडीतल्या बायका जमल्या, म्हाताऱ्या आवाजांनी गाणं धरलं:

*हळदी लागली हाताक गो, तेल लागला केसाक,*
*माय उबी दारात गो, काय बांदू पदराक?*

बायका गात होत्या, आणि मैमूनला वाटत होतं की गाणं तिलाच विचारतं आहे. काय बांधलंस पदराला? बायका पांगल्यावर हाजरा न्हाणीच्या दगडावर बसून राहिली. हळदीनं हात पिवळे झाले होते. ओल्या मनगटांकडे बघत ती म्हणाली:

"अम्मा, चौथ्या दिसाक काढलंय, मगे सासू इचारीत तर काय सांगू?"

"सांग, अम्माकडे ठेवलंय."

"आणि पुढल्या खेपेक?"

मैमून तिच्या केसांवर पाणी ओतत होती. तांब्या रिकामा झाला तरी ती ओततच राहिली.

"शरिफा फुफी दारात उबी होती, त्या दिवशी मी मागच्या खोलीत होतंय," हाजरा हळूच म्हणाली. "बारक्या होतंय, पण माका तिचो आवाज आठवता."

इतकी वर्षं मैमूनला वाटत होतं की तो आवाज एकटीच्याच कानात आहे. तिनं लेकीचं डोकं आपल्या पोटाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर, असरच्या नमाजानंतर निकाह. खळ्यात माडाच्या झावळ्यांचा मांडव, भाड्यानं आणलेल्या चार चटया, एका ताटात खारका आणि खडीसाखर. जेवण चाळीस माणसांचं. इब्रामनं पेशइमामाचं ऐकून पत्रिकाच छापल्या नव्हत्या, घरोघर जाऊन तोंडानं सांगितलं होतं. आरोंद्याहून मॅटाडोर आली. वीस माणसं उतरली. नवऱ्यानं साधा पांढरा सदरा घातला होता, त्याची शिलाई मात्र बघत राहावी अशी.

बायका आतल्या खोलीत, पडद्यामागे. हाजरा लाल ओढणीत, गुडघ्यांवर हनुवटी टेकून. ओढणीखाली तिनं दोन्ही हातांनी दोन्ही मनगटं झाकली होती. मथुरा दाराशी अबोलीचे गजरे घेऊन उभी होती. जैबून येऊन मैमूनच्या शेजारी बसली. सलाम झाला. मैमूननं वर बघायचं टाळलं, आणि तरी नजर गेलीच.

जैबूनच्या कानांत बाळ्या नव्हत्या. बाळ्यांच्या भोकांत हिराच्या काड्या होत्या. खराट्याच्या हिराचे बारीक, नीट कापलेले तुकडे, भोकं बुजू नयेत म्हणून घालतात तसे.

प्रवासात चोराचिलटाचं भय, म्हणून काढून ठेवल्या असतील, असं मैमूननं स्वतःला सांगितलं. पण जैबूनचा हात कानाकडे जात होता आणि मध्येच खाली येत होता.

पडदा हलला. मैमूनचा भाऊ कासम आत आला, मागं दोन साक्षीदार. मुलीच्या बाजूचा वकील तोच होता. त्यानं विचारायचं, मुलीनं होकार द्यायचा, आणि तो होकार बाहेर जाऊन काझीला सांगायचा. कासम हाजरापुढं बसला, घसा खाकरला. एरवी खाडीच्या पल्याडून हाक मारणारा माणूस, पण आज त्याचा आवाज दबलेला होता.

"हाजरा, इब्रामचा चेडू. आरोंद्याचो यासीन तुका निकाहात मागता. मेहेर पाच हजार एक रुपये, सगळे नगद, तुझ्या हातात. कबूल आसा?"

मैमूनला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कासम, पाचशे एक ठरले होते."

"नाय बाय. आत्ता भायर नवऱ्यान रुमाल सोडून पैसे काझीच्या म्होरे ठेवल्यान. मी मोजलंय."

मैमून जैबूनकडे वळली. जैबूनचा चेहरा उतरला होता. ती वाकून मैमूनच्या कानाशी आली, आणि तिच्या श्वासाला भीतीचा तो वास होता जो मैमून तीन महिने स्वतःच्या पदराला हुंगत होती.

"कमी तर पडनत नाय मा, बाय?" ती कुजबुजली. "त्या दिवशी चेडवाच्या हातात त्यो बांगडयो बगलंय, तेवाच माझ्या पोटात गोळो इलो. निरोप पाचशे एकाचो धाडलंव, तेवडेच होते, पण असल्या घरचा चेडू तेवड्यात कसा न्हेवचा? घराक जावन जेवूक पण बसलंय नाय. माझ्यो बाळयो गेल्यो. झिलान मशीन विकल्यान. म्हणता, दुसऱ्याच्या दुकानात बसान शिवीन, पण चेडू आमच्यात इला म्हणान त्येका कोणी हसूक नको." आणि तिनं मैमूनचा हात धरला. "तुमी काय बोला नका हां कोणाक. बरा दिसत नाय."

तीन महिने मैमून ह्या बाईला भ्याली होती. त्या दिवशी बांगडी फिरवणारी बोटं, तिला वाटलं होतं, सोनं तोलत होती. आणि ती बोटं घाबरलेली होती. तिच्यासारखीच. आरोंद्याच्या घरात आता मशीन नाही. पायाखाली मशीनचं पायडल हलायचं, सुई धावायची, त्यावर जे घर उभं राहायचं होतं, ते मथुराच्या चार बांगड्यांसाठी मोडलं गेलं होतं. आणि ते मोडलं कुणी? जैबूनशी कुणी खोटं बोललं नव्हतं. कुणीतरी फक्त चहा ओतत राहिलं होतं.

"हाजरा," कासमनं दुसऱ्यांदा विचारलं. "पाच हजार एक. कबूल आसा?"

हाजरा बोलली नाही. ओढणीखाली बांगड्या एकमेकींवर आपटल्या, बारीक, दातांवर दात आपटावे तशा.

बायका कुजबुजल्या. एक म्हातारी म्हणाली, "लाजता गो. आमीय लाजलंव होतंव." दुसरी म्हणाली, "मान हलय बाय, मान हलयलंस तरी फुरो."

तिसऱ्यांदा कासमनं विचारलं. हाजरानं मान हलवली नाही. तिनं ओढणीच्या आतून आईकडे बघितलं. मैमूनला त्या डोळ्यांत चार वर्षांची पोर दिसली, मागच्या खोलीत बसून दाराबाहेरचा आवाज ऐकणारी.

बाहेर मांडवात माणसं खोकू लागली होती. कुणीतरी विचारलं, काय झाला, इतकी वेळ कित्याक? मैमूनला वाटलं, आत्ता बोललं तर मॅटाडोर वळेल. वीस माणसं न जेवता उठतील. खारका ताटातच राहतील. इब्राम त्या मांडवात एकटा उभा राहील, आणि उद्या वाडी म्हणेल की इब्रामच्या घरचं सोनं दुसऱ्यांदा खोटं निघालं. गप राहा, सगळं पार पडेल. एकदा गप राहिलीस तेव्हा पार पडलंच की.

कासम गुडघ्यांवर हात टेकून उठला. साक्षीदारांकडे बघून म्हणाला, "चला. कुवार चेडू गप रवला म्हंजे त्येची रजा आसा, असाच आपल्यात धरतत. गप रवणा म्हंजेच होय." आणि पडदा बाजूला करायला हात उचलला.

दाराशी मथुराच्या हातातला गजरा खाली पडला. तो उचलायला ती वाकली नाही. ती फक्त मैमूनकडे बघत होती.

"कासम, थांब."

मैमूनचा आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. मोठा नव्हता, रडकाही नव्हता. कासमचा हात पडद्यावरच राहिला. मैमूननं लेकीची ओढणी मागं सारली, हाजराची दोन्ही मनगटं आपल्या हातात घेतली आणि जैबूनच्या मांडीवर ठेवली. बांगड्या वाजायच्या थांबेनात, आणि तिला त्या आवाजावरून बोलावं लागलं.

"जैबूनबाय, त्या दिवशी तुमी माका इचारलास, घरातल्योच काय ह्यो, आणि मी चाय ओतीत रवलंय. माझा गप रवणा होय नव्हता. भय होता. ह्यो बांगडयो माझ्या चेडवाच्यो नाय, ह्या मथुराच्यो. आमच्या घरात सोना नाय, कदीच नव्हता. भायर जावन तुमच्या झिलाक सांगा, पैसे उचल, मशीन परत आण, बाळयो आईच्या कानात घाल. आणि मगे, मोकळ्या हाताचा माझा चेडू तुमका होया असात, तर पाचशे एकात पयल्यापासून इचारा."